हिलरीचं पुसलेलं घर

हिलरी तुस्कानोच्या घरी जायचं तर दारातच पाय धुवावे लागतात, हे आधीच सांगून ठेवतो. नुसत्या चपला काढून भागत नाही. पायरीशी बादली, तांब्या आणि पायपुसणं ठेवलेलं असतं, आणि ते पायपुसणंसुद्धा दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून निघालेलं. पहिल्यांदा मी कुरकुरलो. म्हटलं, "अरे, मी देवळात आलोय की तुझ्याकडे?" तर म्हणतो, "देवळात धूळ चालते, आत्माराम. इथे नाही चालत." मुकाट्याने पाय धुतले.

मी राहतो विरारला, फुलपाड्यात. हिलरीशी ओळख टेलिफोन खात्यातली. मी १९८ वर बसायचो. फोन बंद पडला की तक्रार नोंदवायला लोक तो नंबर फिरवायचे आणि मी उचलला की मलाच झापायचे. एकतीस वर्षं लोकांचा संताप मी कानात साठवला आणि निवृत्त झाल्यापासून तो घरात काढतोय, असं माझी बायको सुहासिनी म्हणते. हिलरी केबल जॉइंटर. रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसून शेकडो बारीक तारा रंग बघून एकमेकींना जोडायच्या, हे त्याचं काम. पावसात केबलमध्ये पाणी शिरलं की बाकीचे जॉइंटर अंदाजाने रस्ता खणत सुटायचे. हिलरी खणायचा नाही. तो लाइनचे दोन भाग करायचा, दोन्ही तपासायचा, चांगला भाग सोडून द्यायचा आणि उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करायचा. वेळ लागायचा, साहेब ओरडायचे. पण हिलरीने खणलेला खड्डा कधी वाया गेला नाही.

त्याचं घर वसईतल्या निर्मळजवळच्या एका आळीत आहे. कौलारू, बैठं, मागे केळीची छोटी वाडी. तिथे तो आणि त्याची बायको ग्लोरिया राहायची. ग्लोरिया बोलकी, आणि नवऱ्याशी बोलायची ती फक्त त्यांच्या घरच्या बोलीत. ती बोली मला चाळीस वर्षांत धड कळली नाही, म्हणून इथे लिहायचा आगाऊपणा करत नाही. दोघं ओट्यावर बसून बोलायला लागली की मी नुसता चेहऱ्यांकडे बघून हसायचो. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ग्लोरिया गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली ती परत आलीच नाही. त्यानंतर महिन्याभराने हिलरी मला म्हणाला, "आत्माराम, मी महिनाभर आमच्या भाषेत एक शब्द बोललो नाही रे. कोणाशी बोलू?" आळीत माणसं होती, चर्चमध्ये भेटत होती. पण घरात बोलणं निराळं. त्या दिवसापासून मी दर रविवारी दोन रिक्षा बदलून त्याच्याकडे जायला लागलो. त्याची बोली मला येत नव्हती, पण निदान समोर बसायला एक माणूस तरी.

त्याला एकच मुलगा, स्टीवन. तो विरारच्या चंदनसारला अकराव्या मजल्यावर राहतो. तो अंधेरीला ऑफिसात, त्याची बायको सँड्रा बँकेत. माणसं वाईट नाहीत, हे मला मुद्दाम सांगावं लागतंय, कारण पुढे माझी जीभ घसरणार आहे. त्यांना एक मुलगी, स्टेफी. तेव्हा सहा वर्षांची. हिलरीचा सगळा जीव त्या पोरीत.

आजी गेल्यावर पहिल्याच मे महिन्यात स्टेफी चार दिवस राहायला म्हणून आली. दुसऱ्या पहाटे तिच्या छातीतून शिटी वाजायला लागली. हिलरी तिला छातीशी धरून दारात उभा राहिला, कारण आत तिला श्वासच घेता येईना. स्टीवनने गाडी काढली, दवाखान्यात नेलं, नाकावर वाफेचं मशीन लावलं तेव्हा पोर शांत झाली. पुढे विरारच्या एका डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली. तिच्या हातावर बारीक टोचून कशाकशाने पुरळ उठतं ते पाहिलं. निघालं असं: धुळीतले किडे, भिंतीवरची बुरशी आणि थोडंसं मांजर. बाईंनी औषध लिहून दिलं, पंप दिला आणि सांगितलं की औषध चालू ठेवा, पण ती झोपते त्या खोलीतली धूळ आणि ओल कमी करा, म्हणजे पोरीला बरं पडेल.

स्टीवनने वडिलांना एवढंच सांगितलं, "पप्पा, स्टेफी आता तुमच्या घरात झोपू शकणार नाही."

'तुमच्या घरात' हे दोन शब्द हिलरीने मला तीनदा ऐकवले. पोरगा त्याच घरात जन्मलेला, तिथेच दोरीच्या पाळण्यात झोपलेला. पण हिलरी चिडणारा माणूस नव्हे, ते काम माझं. तो मला म्हणाला, "नाताळची एक रात्र. बाकी काही नको. स्टेफीने नाताळला या घरात झोपावं आणि सकाळी न खोकता उठावं. एवढं मला करता आलं पाहिजे." वसईच्या या गावांत नाताळच्या रात्री ज्या घरात पोर नाही त्या घरात दिवा लावूनही अंधारच, असं तो म्हणाला. मी म्हटलं, "लाग कामाला."

आणि तो लागला. खड्ड्यात बसल्यासारखा.

आधी डॉक्टरीणबाईंना गाठून त्याने दोन पानं भरून प्रश्न विचारले. धुळीतले किडे राहतात कुठे, खातात काय, मरतात कशाने. मग घराचे भाग पाडले. झोपायची खोली, बाहेरची खोली, स्वयंपाकघर, माळा. एका वेळी एकच भाग. झाडू बंद झाला, कारण झाडूने धूळ जाते थोडी आणि उडते फार. त्याऐवजी ओलं फडकं, रोज सकाळ-संध्याकाळ, तोंडाला मास्क बांधून. पडदे गेले. सोफ्यावरचे क्रोशाचे रुमाल गेले. भिंतीवरची फोटोंची रांग उतरली, फक्त येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि ग्लोरियाचा एक फोटो राहिला, त्यांच्याही मागची भिंत पुसून. उदबत्ती बंद, डासांची कॉइल बंद, खिडक्यांना जाळी. परसात तांब्याचा बंब पेटवून चादरी आणि उशांचे अभ्रे उकळायचा. बाई म्हणाल्या होत्या, कोमट पाण्याने किडे मरत नाहीत, हात पोळेल इतकं गरम हवं. ह्याने ते मनावर घेतलं आणि खरोखरच हात पोळून घेतला.

मांजर माझ्याकडे आलं. ग्लोरियाची ती पिवळी मांजरी. मी घरी घेऊन गेलो तेव्हा सुहासिनीने विचारलं, "आता तुमच्या मित्राची भांडीसुद्धा आणणार का?" चार दिवसांनी तीच तिला दूध पाजत होती. मांजर गेलं तरी त्याचा अंश भिंतींवर आणि लाकडावर सहा-सहा महिने राहतो, असं बाईंनी सांगितल्यामुळे हिलरीने दारं, कपाटं आणि भिंती साबणाच्या पाण्याने हात पोहोचेल तिथपर्यंत पुसल्या. पुढे स्टूल घेऊन बाकीच्या पुसल्या.

एका रविवारी मी बर्फ घ्यायला त्याचा फ्रीझर उघडला, तर सुरमईच्या तुकड्यांशेजारी पिशवीत बांधलेलं एक अस्वल माझ्याकडे बघत होतं. स्टेफीचं ते खेळणं. दोन दिवस गोठवलं की किडे मरतात, मग धुऊन वाळवायचं. म्हटलं, "हिलरी, पोरीने हे पाहिलं तर दम्याआधी घाबरूनच आजारी पडेल." तो हसला. त्या वर्षात तो हसलेला मला दोनदाच आठवतो, त्यातलं हे एक.

पडदे निघाल्यावर त्या घरात आवाज घुमायला लागला. हिलरी खुर्ची ओढायचा तर ती दोनदा ओढल्यासारखी वाटायची. एकटा माणूस जेवताना ताटात चमचा ठेवतो त्याचासुद्धा आवाज व्हायचा. मी म्हटलं, "रेडिओ लाव." तो म्हणाला, "लावला होता. मग बंद केल्यावर जास्त वाटतं."

पहिला नाताळ आला. झोपायच्या खोलीत नवी फोमची गादी, तिला धूळ न झिरपणारं चेनचं कव्हर, भिंती स्वच्छ. चोवीस तारखेला दुपारी तिघं आली. स्टेफी खोलीभर नाचली. अर्धा तास गेला, तास गेला, पोर ठणठणीत. मी मुद्दाम त्या दिवशी गेलो होतो. हिलरीचा चेहरा बघून माझाच ऊर भरून आला.

मग गोठा मांडायची वेळ झाली. बाळ येशूचा गोठा दरवर्षी हिलरीच मांडतो. आजोबाने आणि नातीने मिळून मांडायचा, हे तिच्या जन्मापासून ठरलेलं. मातीच्या मूर्ती त्याने पुसून ठेवल्या होत्या, मेंढ्यासुद्धा. आणि गोठ्यात घालायला त्याने माळ्यावरून पेंढा काढला. भाताचा, जुन्या सुगीचा, दोन पावसाळे खाऊन काळपट पडलेला. स्टेफीने तो दोन्ही हातांनी विस्कटला, बाळाच्या खाली मऊ अंथरला, त्यावर वाकून फुंकर मारली. आम्ही चार मोठी माणसं तिथे बसलो होतो. एकाच्याही डोक्यात आलं नाही. कोणाच्या येणार? गोठा म्हणजे पेंढा. सात महिने ज्याने घराचा कण न् कण पुसला, त्याने बुरशीची पेंढी स्वतःच्या हाताने पोरीच्या मांडीवर दिली.

वीस मिनिटांत शिटी वाजायला लागली. पंप दिला, थोडं थांबलं. पण सँड्रा उठली आणि बॅग भरायला लागली. गाडी निघाली तेव्हा चर्चची पहिली घंटा व्हायची होती. हिलरी पेंढा गोळा करत जमिनीवर बसला होता. मी म्हटलं, "अरे, चूक कोणाच्याही हातून होते." तो म्हणाला, "कोणाच्याही नाही, आत्माराम. ही आमचीच चूक. दुसऱ्या कोणाच्या घरात पेंढा असतो का नाताळला?"

ती रात्र त्याने एकट्याने काढली. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही, शेवटची रिक्षा चुकेल म्हणून निघालो. त्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या वर्षी तो वेड्यासारखा मागे लागला. माळा रिकामा केला. उत्तरेच्या भिंतीला दर पावसात बुरशी धरायची. लोक वरून रंग मारतात, ह्याने पाणी येतं कुठून ते शोधलं. कौलाखालची पन्हळ फुटली होती आणि वाडीचा पाट भिंतीला लागून वाहत होता. पन्हळ बदलली, पाट चार हात लांब वळवला, भिंत खरवडून वाळू दिली आणि मग चुना दिला. हवेतला ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र भिंतीवर लावलं. मी गेलो की आधी ते वाचून दाखवायचा. पावसाळ्यात त्याचा आकडा बघून तो असा खिन्न व्हायचा की जणू घरात कोणी तापाने फणफणलंय. वसईची हवा ती, समुद्र हाकेवर. तिचं ओलेपण एकटा हिलरी किती पुसणार?

आणि राहिली ती गादी.

लग्नात ग्लोरियाच्या माहेरहून आलेली कापसाची गादी. दर तीन-चार वर्षांनी पिंजारी यायचा, कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचा. चाळीस वर्षं दोघं तीवर झोपली. ग्लोरिया गेल्यावर हिलरी तीवर एकटा, आपल्याच बाजूला झोपायचा. दुसऱ्या बाजूचा खळगा तसाच. स्टेफीच्या खोलीत ती नव्हती, पण घरात होती, आणि बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की जुनी कापसाची गादी म्हणजे किड्यांचं गाव.

जुलैतल्या एका रविवारी त्याने मला विचारलं, "हे किडे खातात काय, ठाऊक आहे तुला?"

"काय?"

"माणसाची कातडी. आपल्या अंगाची कातडी झडते ना रोज, डोळ्यांना न दिसणारी, ती. गादीत साठते." मग म्हणाला, "म्हणजे ग्लोरिया अजून त्या गादीत आहे, आत्माराम. थोडीशी."

१९८ वर मला कधीही उत्तर कमी पडलं नव्हतं. मी म्हटलं, "मग राहू दे गादी. प्लास्टिकमध्ये बांधून ठेव."

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस उघडला. त्या रविवारी मी गेलो तर वाडीतून धूर येत होता. केळींच्या मागे मोकळ्या जागेत गादी जळत होती. जळत होती म्हणजे काय, कापूस भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहतो. शुक्रवारी पेटवली होती, रविवारी अजून धुमसत होती. हिलरी लांब स्टुलावर बसला होता. मला बघून म्हणाला, "वारा तिकडचा आहे, धूर घराकडे जात नाही. पाहून घेतलं मी." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराने आलं असं मी म्हणालो. त्याने ऐकून घेतलं.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुट्टीआधी, त्याने माझ्यासमोर स्टीवनला फोन लावला. त्याला हल्ली कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो. तो म्हणाला, "स्टीवन, सुट्टीत स्टेफीला एक रात्र आण. नाताळाआधी एकदा बघून घेऊ. घर आता एकदम तयार झालंय."

"पप्पा, आत्ता नको," स्टीवन म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय, या सीझनमध्ये तिला घराबाहेर कुठेच झोपवायचं नाही. रिस्क नको."

"बरं, बरं," हिलरी लगेच म्हणाला. "डॉक्टर म्हणतात तसं करा. नाताळला बघू."

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, तिघं ग्लोरियाच्या कबरीवर फुलं वाहायला आली. त्या वर्षी तो रविवारच होता, म्हणून मीही होतो. दफनभूमीत त्या दिवशी शेकडो मेणबत्त्या जळतात, तो धूर स्टेफीला नको म्हणून तिला आजोबाकडे ठेवून स्टीवन आणि सँड्रा गेले. हिलरी सकाळीच जाऊन आला होता. स्टेफी आता सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. ती पाय धुऊन आत आली आणि पुसलेल्या लादीवरून घसरगुंडी करायला लागली.

"आजोबा, तुमचं घर किती क्लीन आहे. कळंबचं एवढं नव्हतं."

"कळंबला कधी गेलीस ग?" हिलरीने विचारलं.

"अरे, दिवाळीत ना. आम्ही कॉटेजमध्ये राहिलो, मम्मीच्या फ्रेंड्सबरोबर. फोर डेज. तिथे एक कुत्रा होता, कोको. तो माझ्या बेडवर झोपायचा. बेड एवढा जुना होता ना, वास यायचा. पण मजा आली."

"आणि खोकला? पंप लागला?" हे मी विचारलं.

"एकदापण नाही," ती अभिमानाने म्हणाली. "मी दररोज औषध घेते ना आता."

कळंबचा किनारा हिलरीच्या घरापासून सायकलवर पंधरा मिनिटांवर आहे. त्यांची गाडी त्याच्या आळीच्या फाट्यावरून गेली असणार, जाताना आणि येताना.

मी हिलरीकडे बघितलं. तो स्टेफीकडेच बघत होता. त्याने विचारलं, "कुत्रा कोणत्या रंगाचा होता?" ती सांगत बसली. त्याने कान, शेपटी, सगळं विचारून घेतलं. तिला लाडू दिला. आई-वडील परत आले तेव्हा त्यांनाही दिला, केळ्यांचा एक फणा गाडीत ठेवला आणि हात हलवत उभा राहिला.

गाडी वळल्यावर मी सुटलो. जे तोंडाला आलं ते बोललो. म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन लाव त्याला. विचार, कुठल्या डॉक्टरने सांगितलं? कुत्र्याच्या अंथरुणात पोर चार रात्री झोपते आणि बापाच्या घरात एक नाही? "तू गादी जाळलीस रे हिलरी," मी म्हटलं. "तुला कळतंय का, तू ती गादी जाळलीस!"

"ओरडू नकोस," तो म्हणाला. "शेजारी इझाबेलबाई झोपल्यात." मग ओट्यावर बसला. म्हणाला, "पोरगी आजारी होती ते खोटं नव्हतं. मी स्वतः तिला धरलं होतं. गेल्या नाताळचंही खोटं नव्हतं. मग ती बरी झाली, आणि त्यांना सवय झाली न यायची."

"सवय? ह्याला सवय म्हणतात?"

"त्याला आईशिवाय या घरात करमत नाही, आत्माराम. येतो तेव्हा बघ, स्वयंपाकघराकडे पाठ करून बसतो. मला तरी कुठे करमतं? पण मला जायला दुसरं घर नाही."

त्यानंतर तो त्या विषयावर बोलला नाही. फडकं मात्र फिरतच होतं. मी दर रविवारी जायचो, पाय धुवायचो, आत बसायचो आणि मनातल्या मनात स्टीवनशी भांडायचो. खोली तयार होती. चेनच्या कव्हरातली गादी, उकळलेली चादर, उशाशी धुतलेलं अस्वल. डिसेंबर लागला तसा गोठाही मांडून झाला, पेंढ्याशिवाय. कळंबच्या किनाऱ्यावरची वाळू सात पाण्यांनी धुऊन त्याने खाली पसरली होती. बाळ येशू वाळूवर जरा अवघडल्यासारखा दिसत होता.

नाताळाआधीच्या चार आठवड्यांना आगमनकाळ म्हणतात, त्यातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही जेवून उठलो आणि हिलरीने हात पुसून फोन घेतला. स्टीवनला लावला. मला वाटलं, आता हा विचारणार. एकदाचं विचारणार. मी खुर्ची पुढे ओढून बसलो. नातीला घेऊन ये म्हणून हक्काने सांगेल, नाही तर कळंबचं काढेल. दोन्हीपैकी काहीही झालं तरी मी त्याच्या बाजूने ओरडायला तयार होतो.

"स्टीवन, बाबा, ऐक," हिलरी म्हणाला. "यंदा नाताळला स्टेफीला रात्री ठेवू नका रे इथे. घर अजून तयार नाही झालं."

पलीकडून काही आवाज आला नाही. हिलरी पुढे बोलत राहिला. "ती उत्तरेची भिंत. परत ओल धरलीय तिने. मला वाटलं होतं होईल, पण नाही जमलं. पोरीला उगाच त्रास नको. मलाच झोप लागणार नाही."

मी मान वळवून भिंतीकडे बघितलं. भिंत खडखडीत कोरडी होती, चुन्याने पांढरी शुभ्र.

"ओके, पप्पा," स्टीवन म्हणाला, आणि काय सांगू, त्याचा आवाज एकदम बदलला. "ओके. तुम्ही टेन्शन घेऊ नका. अहो, होतं असं, जुनं घर आहे. आम्ही दुपारी येतो ना, केक घेऊन, दोन तास बसू मस्त. तुम्ही गोळ्या घेताय ना वेळेवर? थंडी वाढलीय, स्वेटर घालत जा हां. आणि त्या भिंतीमागे एकटे लागू नका, मी माणूस पाठवतो." तो बोलतच होता. पाच मिनिटं तरी बोलला. ऑफिसचं सांगितलं, स्टेफीच्या शाळेच्या नाटकाचं सांगितलं, मध्ये एकदा हसलासुद्धा. हिलरी "हां, हां" म्हणत होता.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "खोटं का बोललास?"

"मी नसतो बोललो तर त्याला बोलावं लागलं असतं," हिलरी म्हणाला. "परत एकदा. बापाशी. शनिवारी मी पापकबुलीला जाणारच आहे, तेव्हा फादरना सांगेन. हे एक माझ्याकडे राहू दे."

तो माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसतही होता.

"ऐकलंस ना त्याला?" तो म्हणाला. "किती महिन्यांनी मोकळा बोलला माझ्याशी."